पेशंटची एक्सेल जाहिरातीसाठी अपलोड करायला सांगतायत, काय करू?

बाणेरचा_मार्केटर
छोट्या एजन्सीत परफॉर्मन्स मार्केटिंग (ऑनलाइन जाहिरातीतून किती चौकश्या आल्या ते मोजून चालवायचं काम) बघतो. कोथरूडच्या बाजूचं एक आयव्हीएफ क्लिनिक आमचा क्लायंट आहे, नाव सांगत नाही. साइटवर आधीच्या एजन्सीने मेटाचा (फेसबुकवाल्या कंपनीचा) पिक्सेल, म्हणजे साइटवर कोण काय करतं ते मेटाला कळवणारा कोड, सगळ्या पानांवर टाकून ठेवलाय. मी टेस्ट इव्हेंट (पिक्सेल काय पाठवतो ते दाखवणारं पान) उघडून बघितले तर 'शुक्राणू तपासणी'चं पान उघडलं की पानाच्या पत्त्यासकट माहिती मेटाकडे जातेय, अपॉइंटमेंटचं बटण दाबलं की परत जातेय. आता डॉक्टर मॅडमचे मिस्टर, जे हिशोब बघतात, ते म्हणतायत रिसेप्शनवरची एक्सेल घ्या, जुने पेशंट सगळे टाका, कस्टम ऑडियन्स (त्या यादीतल्या लोकांचा जाहिरातीसाठीचा गट) करा आणि त्यावर लुकअलाइक (त्यांच्यासारख्याच इतरांना जाहिरात) चालवा, लीड म्हणजे नवी चौकशी स्वस्त पडेल. पडेलही. पण मला नाही पटत. बॉस म्हणतो नंबर हॅश होऊनच (ठरलेल्या पद्धतीने सांकेतिक अक्षरांत बदलून) जातात, तू कशाला डोक्याला ताप करून घेतोस. कोणी क्लायंटला अशा कामाला 'नाही' म्हटलंय का, आणि कसं?

गणपत_रोडवाला
अरे सगळेच करतात. तू नाही केलंस तर शेजारची एजन्सी करेल, आणि रिटेनर (क्लायंटकडून दरमहा मिळणारी ठरलेली फी) पण तीच घेऊन जाईल.

हडपसरचा_कोडवाला
हॅश होतात म्हणजे काय ते बॉसला विचार एकदा. मेटाकडे त्यांच्या युजर्सचे नंबर आधीपासून आहेत, ते पण त्याच पद्धतीने हॅश करून तुमच्या यादीशी जुळवतात, जुळला की माणूस सापडला. न जुळता ऑडियन्स बनेलच कसा? आणि आपला मोबाइल नंबर दहा आकडी, सुरुवात 6 ते 9 ने, म्हणजे शक्यता जास्तीत जास्त 400 कोटी, तेवढे सगळे हॅश आधीच काढून ठेवणं कॉम्प्युटरला काहीच नाही. त्यामुळे हॅश म्हणजे नाव पुसलं असं अजिबात समजू नका. आणि पिक्सेलमधलं ऑटोमॅटिक अ‍ॅडव्हान्स्ड मॅचिंग चालू आहे का बघ, असेल तर फॉर्ममध्ये टाकलेला नंबर पण हॅश होऊन जात असणार.

सिंहगडरोड_ताई
मी मार्केटिंगवाली नाही पण ह्यातून गेलेली आहे म्हणून लिहिते. आमच्याकडे घरात एकच टॅब, त्यावर सासूबाई कीर्तनं बघतात. मी त्यावरच एकदा कुठल्यातरी क्लिनिकची साइट उघडली आणि मग आठवडाभर त्यांना बाळाचे गोबरे पाय असलेल्या जाहिराती, "अजूनही वाट बघताय?" वगैरे. आम्ही घरी काहीच सांगितलेलं नव्हतं हो. तुमच्या लीडचा हिशोब लावताना हे कुठल्या कॉलममध्ये धरता?

गणपत_रोडवाला
ताई सॉरी, हे डोक्यात नव्हतं आलं. पण कायदा अजून पूर्ण लागू कुठे झालाय?

डेक्कनचा_वकील
2023 च्या डेटा संरक्षण कायद्याचे नियम नोव्हेंबर 2025 मध्ये आले, मुख्य अटींना 18 महिन्यांची मुदत आहे, ते बरोबर. पण तोवर रान मोकळं आहे असं नाही. आयटी कायद्याखालचे 2011 चे नियम आहेत, त्यात वैद्यकीय माहिती 'संवेदनशील' धरलीय आणि ती तिसऱ्याला द्यायची तर आधी परवानगी लागते. पेशंटने नंबर दिला तो रिपोर्ट आणि अपॉइंटमेंटसाठी, जाहिरातीसाठी नव्हे. नव्या कायद्यात तर संमती त्या-त्या कामापुरतीच धरतात, आणि नोटीस मराठीतून वाचायचा पर्याय पण द्यावा लागतो. दंडाची वरची मर्यादा 250 कोटी आहे, छोट्या क्लिनिकला एवढा लागेल असं नाही, पण मिस्टरांना आकडा ऐकवायला हरकत नाही. अमेरिकेत गुडआरएक्स या औषधांवर सवलत देणाऱ्या कंपनीने लोकांच्या औषधांची माहिती फेसबुक-गूगलला दिली म्हणून 2023 मध्ये 15 लाख डॉलर भरले, ते पण सांग.

हडपसरचा_कोडवाला
उपचारांच्या पानांवरून पिक्सेल काढ, होमपेजला पण नको खरं तर. सर्च अ‍ॅड चालव, ज्याला हवंय तो स्वतःच शोधत येतो, त्याच्या मागे फिरावं लागत नाही. आणि रिसेप्शनला सांग, फोन आला की "कुठून कळलं?" एवढं विचारून वहीत लिहा.

गणपत_रोडवाला
आयव्हीएफचा पुण्यातला क्लिकचा भाव बघितलायस का सर्चवर?

बाणेरचा_मार्केटर
बघितला, महाग आहे. सोमवारी मीटिंग आहे, दोन्ही खर्च शेजारी-शेजारी मांडतो आणि एक्सेल घेणार नाही हे मेलवर लिहून टाकतो, बॉसला सीसी. वकीलसाहेब, 2011 च्या नियमांचा नेमका नंबर टाकता का?