'रनर३' घ्यावा का? 'रनर२' पूर्ण खेळलेल्यांनी सांगा

केवडा:
नमस्कार मंडळी. 'रनर२' हा गाण्याच्या ठेक्यावर अडथळे चुकवत धावायचा व्हिडिओ गेम मी आणि माझ्या धाकट्या भावाने मिळून संपवला होता. एकच कंट्रोलर, जो आपटेल त्याने तो दुसऱ्याकडे द्यायचा. पाचही जगं अशीच आळीपाळीने पार केली. त्यातलं पात्र, कमांडर व्हिडिओ, धावायला लागलं की आमच्या आईची मान सुद्धा ठेक्यावर हलायची.
भाऊ आता नोकरीसाठी बंगळुरूला असतो, दिवाळीला चार दिवस येणार आहे. तोवर 'रनर३' घेऊन ठेवावा म्हणते. पण वाचावं तिथे एकच सूर: फार अवघड केलाय, आधीची मजा गेली. कुणी शेवटपर्यंत खेळलंय का? घेऊ की 'रनर२'च पुन्हा काढू?

पाऊसवाट:
मी अर्ध्यात सोडला. फूडलँड या पहिल्या जगाच्या पुढे गेलोच नाही. लेव्हल लांबलचक, मध्ये एकच चेकपॉइंट (आपटल्यावर जिथून पुन्हा सुरू करता येतं ती जागा). कॅमेरा वाटेल तेव्हा फिरतो, अडथळा समोरच्या झाडाझुडपांआडून अचानक येतो. बरं, आपण नुसते चुकतोय असंही नाही, बटण वेळेवर दाबलं तरी आपटतो. 'रनर२'वर प्रेम असेल तर तेच जपा. हा घ्यायचाच तर सेलमध्ये घ्या.

तालवेडा:
केवडा, घ्या. मी 'रनर३'ची तिन्ही जगं पूर्ण केली आहेत आणि या गेमवर अन्याय झालाय असं मनापासून वाटतं, म्हणून जरा लांब लिहितो.
'रनर३' अवघड आहे हे खरंच. पण 'आधीची मजा गेली' म्हणणाऱ्यांचं 'आधी' 'रनर२'पासून सुरू होतं. मूळ 'बिट.ट्रिप रनर' 2010 मध्ये निन्टेंडोच्या वी (Wii) या कन्सोलवर आला. तीन भाग, एकूण 36 लेव्हल, आणि चेकपॉइंट एकही नाही. कुठेही धडकलात की सरळ आरंभरेषेवर. पहिल्याच भागातली अकरावी लेव्हल, 'ओडिसी', संपता संपत नाही. शेवटच्या वळणावर लाथ मारायला क्षणभर उशीर झाला की सगळं पुन्हा पहिल्यापासून. लोकांनी जीव लावला तो या गेमला. 2013 च्या 'रनर२'ने चेकपॉइंट दिला, सोपं-मध्यम-कठीण निवडायची सोय दिली, त्यामुळे पुष्कळ नवी मंडळी आली, आणि ते छानच झालं. 2018 चा 'रनर३' मला त्या पहिल्या गेमच्या वळणावर गेलेला वाटतो. घराण्याचा सूर त्याने सोडलेला नाही.
आता खेळाबद्दल. याचा सगळा जीव दुसऱ्या उडीत आहे. पूर्वी प्रत्येक अडथळ्याला एकच उत्तर असायचं: उडी, घसरणं, लाथ किंवा ढाल. आता हवेत असताना आणखी एकदा उडी मारता येते, त्यामुळे उत्तर शोधावं लागतं. समोर एक शत्रू, त्याच्या पलीकडे उंच पायरी. पहिली उडी घेतली की बोट शिवशिवतं, लगेच पुन्हा बटण दाबावंसं वाटतं. दाबलंत की वर लटकलेल्या अडथळ्यावर डोकं आपटणार. कमांडर व्हिडिओ खाली यायला लागेपर्यंत थांबायचं आणि मगच दाबायचं. त्या थांबण्यालाही ठेक्यात जागा ठेवलेली आहे. ती सापडली की ऐकू येतं, आपल्या प्रत्येक हालचालीचा सूर चालीत नेमका बसतो. त्या क्षणासाठी मी स्पूकीलँडमधल्या एका लेव्हलवर अख्खी संध्याकाळ घालवली आणि दुसऱ्या दिवशी ऑफिसात तीच चाल गुणगुणत होतो.
मी लहानपणी तबला शिकलो. कायदा (तबल्यातली एक रचना) बसवताना गुरुजी लय कमी करून घ्यायचे. इथे लय कमी करता येत नाही, म्हणून तुकडे पाडायचे. आज फक्त चेकपॉइंटपर्यंत. त्यापुढचं उद्या. लेव्हल संपवायची म्हणून बसलात तर चिडचिड होणार, बसवायची म्हणून बसलात तर वेळ कसा गेला ते कळणार नाही.
पाऊसवाट यांचा कॅमेऱ्याबद्दलचा मुद्दा मात्र मला मान्य आहे. काही ठिकाणी तो इतका वळतो की अंतराचा अंदाजच येत नाही. तिथे मीही पाठांतरावरच पार झालो. ते चांगलं नाही, आणि मी त्याचं समर्थन करणार नाही. पण तशा जागा मोजक्या आहेत. त्यांच्यामुळे अख्ख्या गेमला नावं ठेवू नयेत.

मीठभाकर:
तालवेडा यांना अनुमोदन. पाऊसवाट, एक विचारतो, राग मानू नका. ब्लूटूथ हेडफोन लावून खेळलात का? वेळेवर दाबूनही आपटत असाल तर मला तीच शंका येते. ब्लूटूथवर आवाज थोडा मागाहून येतो. सिनेमा बघताना जाणवत नाही, पण इथे कान सांगतील तेव्हा बोट दाबायचं असतं. वायरचे हेडफोन लावा, किंवा थेट स्पीकरवर ऐका. टीव्हीवर खेळत असाल तर सेटिंगमध्ये गेम मोड सुरू करा, नाहीतर चित्रही मागे पडतं. आमच्या टीव्हीवर तो सुरू केल्यावर मी त्याच संध्याकाळी तीन लेव्हल पुढे गेलो.
केवडा, निन्टेंडोचा स्विच कन्सोल नसेल तर संगणकासाठी स्टीम या ऑनलाइन दुकानातून घ्या, पण कंट्रोलर जोडून खेळा.

पाऊसवाट:
हो, ब्लूटूथच होते. हे डोक्यातच आलं नव्हतं. शनिवारी वायर लावून बघतो. कॅमेऱ्याबद्दलचं मत कायम.

केवडा:
सर्वांचे आभार. तालवेडा, दोघांनी आळीपाळीने खेळायचं तर कसं जमवावं? आपटलं की कंट्रोलर द्यायचा हा आमचा नियम इथे चालेल?

तालवेडा:
नाही चालणार. दर दहा सेकंदांनी कंट्रोलर फिरेल आणि दोघांपैकी कुणाचाच हात बसणार नाही. चेकपॉइंटच्या अलीकडचा अर्धा भाग एकाचा, पलीकडचा दुसऱ्याचा, अशी वाटणी करा. आपला भाग पक्का झाला की अदलाबदल. लेव्हल एकदा पार झाली की त्याच लेव्हलमध्ये हिऱ्यांचा वेगळा, जास्त अवघड रस्ता असतो. पहिल्या फेरीत त्याच्या नादी लागू नका, पुढे जायला हिरे लागत नाहीत. आणि 'इम्पॉसिबल' लेव्हल या दिवाळीत उघडूच नका. डोकं तापलं तर रेट्रो चॅलेंज आहेत, तिथे पात्र आपणहून धावत नाही, निवांत उड्या मारता येतात.
निवेदक तोच आहे बरं का. कित्येक वर्षं मारिओला आवाज देणारे चार्ल्स मार्टिनेट.

केवडा:
घेतला! धीर निघाला नाही, पहिली लेव्हल खेळून पाहिली. वायरचे हेडफोन लावून, अकराव्या प्रयत्नात वाटेतलं सगळं सोनं घेऊन पार झाली. भावाला फोनवर नुसती चाल ऐकवली. त्याने ती लगेच ओळखली नाही, पण विचारलं, "अलीकडचा भाग माझा ना?"