अरबिडॉप्सिस या प्रयोगशाळेतल्या छोट्या रोपाची मुळं दिव्यापासून लांब वळतात: प्रकाश मूळ ओळखतं की खोड?

प्रश्न (बीजांकुर): उभ्या चौकोनी प्लेटा, अर्ध्या तीव्रतेचं एमएस (मुराशिगे-स्कूग पोषक माध्यम), १% सुक्रोज, ०.८% अगार, पीएच ५.७. बी दोन दिवस ४ अंशांवर ठेवून मग २२ अंश, १६ तास उजेड. एलईडी रॅकच्या एकाच बाजूला. कोलंबिया या सामान्य वाणाची मुळं दिव्यापासून लांब तिरकी जातात, फोट१ म्युटंटची (ज्यात फोटोट्रोपिन १ काम करत नाही) जवळपास सरळ. आणि खालचा अर्धा भाग काळ्या कागदाने झाकला की दोन्हींची मुळं लांब होतात. हे कसं?

पर्णरंध्र: वळण मुळाचंच आहे. निळा प्रकाश एका बाजूने आला की मुळातलं फोटोट्रोपिन १ हे निळा प्रकाश टिपणारं प्रथिन ते ओळखतं आणि मूळ उलट दिशेला वळतं. गुरुत्वाकर्षण खाली ओढतं म्हणून तिरकं दिसतं. फक्त ६६० नॅनोमीटरचा लाल दिवा लावून बघा. हे वळण जाईल, उलट मूळ दिव्याकडे किंचित झुकू शकतं. ते काम फायटोक्रोमचं, म्हणजे लाल प्रकाश टिपणाऱ्या प्रथिनांचं.

लांबी फोट१ मध्येही वाढली, म्हणजे तिथे दुसरं कारण शोधा. आधी माध्यमावर शंका घ्या. एमएसमधलं लोह-ईडीटीए निळ्या प्रकाशात विघटित होतं, त्यातून फॉर्मल्डिहाइड तयार होतं आणि मुळं खुंटतात. यात फोटोट्रोपिनचा काही संबंध नाही! बी न टाकलेल्या काही प्लेटा चार दिवस दिव्याखाली, काही अंधारात ठेवा. मग सगळ्यांत एकाच दिवशी बी टाकून, पिवळ्या फिल्टरखाली वाढवून मोजा. फरक पडला तर दोष माध्यमाचा.

मूलाग्र: सहमत. पण काळा कागद दिव्याखाली तापतो. तापमान वाढलं तरी मुळं लांब होतात, तेव्हा अगारमध्ये तापमापकाची सुई खुपसून झाकलेला आणि उघडा, दोन्ही भाग मोजा. शिवाय वरून येणारा उजेड अगारमधून खाली झिरपतो. मुळापुरत्या खाचा असलेली काळी पट्टी प्लेटच्या आत आडवी बसवा. अख्खी प्लेट फॉइलमध्ये गुंडाळू नका. बीजपत्रांकडून मुळाला मिळणारी साखरच तुटते.

बीजांकुर: म्हणजे खोडाचा वाटा नाहीच?

पर्णरंध्र: वळणात नाही, एकूण वाढीत आहे. पानांवर दूर-लाल प्रकाश वाढला की फायटोक्रोम बी निष्क्रिय होतं, मुळात एचवाय५ (जनुकं चालू-बंद करणारं प्रथिन) साठतं आणि बाजूची मुळं कमी फुटतात. एचवाय५ खोडातून मुळात उतरतं, असं काही कलमांच्या प्रयोगांतून दिसलं आहे. तुम्हीही चार-पाच दिवसांच्या रोपांची कलमं करा: वर कोलंबिया, खाली एचवाय५ म्युटंट, आणि उलटं. जोडाच्या वर आगंतुक मुळं फुटतात, ती रोज खुडा. राहिली तर तुम्ही वरच्या रोपाचीच मुळं मोजत बसाल.

मूलाग्र: आणि १% सुक्रोज या प्रयोगात नको. पानांकडून येणाऱ्या साखरेतला फरक त्याने झाकला जातो. एक संच सुक्रोजशिवाय लावा. मुळं आखूड राहतील, म्हणून दोन दिवस उशिरा मोजा.