सराईत कोण हे ठरवतं कोण?

हुरडापार्टी:
परवा आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर मेसेज, "पारध्यांची टोळी फिरतेय, दारं लावून घ्या". दहा मिनिटांत अंगठ्यांचा पाऊस. टोळी बघितली कुणी? तर वॉचमनने दोन बायका बघितल्या, फुगे विकणाऱ्या. मी विचारलं बाबांनो आधी चोरी तरी झालीय का कुणाकडे, तर "तू पुस्तकी आहेस" म्हणून गप्प केलं. मग आता पुस्तकीच बोलतो. हॉवर्ड बेकर नावाच्या अमेरिकन समाजशास्त्रज्ञाने 1963 मध्ये मांडलं की नियम वजनदार लोक करतात, तो लावायचा कुणाला तेही तेच ठरवतात, आणि ज्याच्यावर शिक्का बसला तो कायमचा बाहेरचा. लेबलिंग थिअरी. इंग्रजांनी तर हे 1871 लाच करून दाखवलं होतं, क्रिमिनल ट्राइब्ज अ‍ॅक्ट आणून, अख्ख्या जमाती जन्मतः गुन्हेगार, हजेरी द्या, पास घेतल्याशिवाय हलू नका. तो कायदा 31 ऑगस्ट 1952 ला गेला पण आमच्या ग्रुपला कुणी कळवलेलं दिसत नाही. आणि सदरलंड या दुसऱ्या अमेरिकन समाजशास्त्रज्ञाने 1939 मध्ये भाषण देऊन सांगितलं होतं की कोटटायवाले पण गुन्हे करतात, फक्त त्यांना कुणी गुन्हेगार म्हणत नाही. बँक बुडवणाऱ्याच्या जातीवरून तुमच्या ग्रुपवर कधी मेसेज आलाय का? हा सरळ वर्गाचा मामला आहे.

रोखठोक:
आला परत शहरी कळवळा. आमच्या मळ्यातल्या घरावर दरोडा पडला तेव्हा मी नववीत होतो, आजीच्या कानातली फुलं ओढून नेली, कान फाटला तिचा. तिथे कुठलं लेबल आणि कुठला बेकर? ही थिअरी शिक्का बसल्यानंतरचं सांगते, पहिली चोरी का झाली ते नाही सांगत. त्यापेक्षा मर्टन हा समाजशास्त्रज्ञ बरा (1938), तो म्हणतो पैसा कमवा हे स्वप्न सगळ्यांना दाखवायचं आणि वाट मोजक्यांनाच द्यायची, मग बाकीचे आडवाटेला जाणारच. हे पटतं तरी.
दुसरं, वर्गसंघर्ष म्हणताय तर राईनपाडा आठवा. 1 जुलै 2018, धुळे जिल्हा, साक्री तालुका. मंगळवेढ्याकडचे नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच जण भिक्षा मागायला गेलेले, मुलं पळवणारी टोळी म्हणून मोबाईलवर अफवा, आणि ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडून जीव जाईपर्यंत मारलं त्यांना. मारणारे कोण? बंगलेवाले? पाड्यावरचे, त्यांच्यासारखेच हातावर पोट असलेले. कुठे गेला वर्ग?

गावकुसाबाहेरचा:
@रोखठोक, आजीचं वाईट वाटलं, खरंच. पण दादा मी सोलापूरच्या सेटलमेंटचा आहे, म्हणजे त्या कायद्यातल्या जमातींना तारेच्या कुंपणात ठेवायचे ती वसाहत, तिथलंच सांगतो. आज्जा तारेच्या आत वाढला, बाहेर गिरणीत कामाला जायचा आणि परत येऊन हजेरी. म्हणजे चोरी सोडून कामाला लागलेला माणूस पण यादीत चोरच. मी ग्रॅज्युएट आहे, अजून भाड्याची खोली बघताना पत्ता सांगताना जीभ अडखळते, शेजारच्या पेठेचं नाव सांगतो. पहिली चोरी का होते विचारता ना, तर काम मागायला गेल्यावर आधी नाव विचारून "कळवतो" म्हणणारे किती ते मोजा एकदा.
आणि राईनपाड्याचं तुम्ही सांगितलं त्यात तुमचंच उत्तर आहे. आपल्याकडे खालच्यालाही खाली बघायला कुणीतरी लागतं. भटक्याला गाव नाही, ओळख पटवून द्यायला पाटील नाही, म्हणून तो सापडतो. वर्ग म्हणा नाहीतर जात म्हणा, मार बसताना फरक कळत नाही.

निवृत्त_हवालदार:
तीस वर्षं ठाण्यात काढली म्हणून बोलतो. मोठी घरफोडी झाली की वरून फोन, छडा कधी, माल किती परत मिळाला. मग काय करतो पोलीस, रेकॉर्डवरचे उचलतो, त्यातून बऱ्याचदा निघतं पण. सगळा द्वेष असतो असं नाही, सोय असते. रेकॉर्डच ठेवू नका म्हणाल तर तपास कशावर करायचा? त्या नाशिकच्या केसचंच घ्या. 2003 साली एका घरावर दरोडा पडून पाच जणांचा खून झाला, भटक्या समाजातल्या सहा मजुरांना फाशीची शिक्षा झाली, 2009 ला सुप्रीम कोर्टाने सहाही जणांना फाशीच सुनावली आणि 2019 ला त्याच कोर्टाने सगळे निर्दोष म्हणून सोडले, वर प्रत्येकी 5 लाख भरपाई. सगळे म्हणतात बघा, पोलिसांकडचा सराईतांच्या फोटोंचा अल्बम, त्यामुळेच अडकले. अहो उलटंय! वाचलेल्या साक्षीदार बाईने अल्बममधल्या फोटोवरून वेगळ्याच चौघांना ओळखलं होतं, त्यांच्यामागे कुणी गेलंच नाही. म्हणजे अल्बम मानला असता तर हे सहा अडकले नसते.

हुरडापार्टी:
काका, हे मला माहीत नव्हतं या बाजूने, मान्य. पण मग मुद्दा अजून पक्का होतो ना? रेकॉर्ड एका माणसाचं असतं, त्याने काय केलं त्याचं. शिक्का समाजाचा असतो. रेकॉर्ड हातात असताना ते बाजूला राहिलं आणि भटके मजूर आत गेले. कोर्टानेच म्हटलंय की आरोपी भटक्या जमातीचे, अगदी गरीब, त्यामुळे खोटं गोवलं गेल्याची शक्यता नाकारता येत नाही. सराईत म्हणायचं तर शिक्षा झालेल्या माणसाला म्हणा. फुगेवाल्या बाईवर कुठली केस होती?

रोखठोक:
बाईचं सोडा, तिथे तुमचा ग्रुप चुकला. पण सगळं वर्गावर ढकलू नका एवढंच म्हणणं आहे. ज्याच्या झोपडीतून सायकल जाते तोही गरीबच असतो, आणि त्याला थिअरी नको असते, सायकल हवी असते. ब्रिटनमधल्या डाव्या अभ्यासकांनीच 1980 च्या दशकात हे स्वतःच्या लोकांना सुनावलं होतं, जॉक यंग वगैरे. तुमच्यातला कुणी ते वाचत नाही.

गावकुसाबाहेरचा:
सायकल आमची पण गेलीय. तक्रार द्यायला गेलो तर आधी मलाच पत्ता विचारला, आणि मग "सायकल तुझीच कशावरून?"

निवृत्त_हवालदार:
होतं असं. मी पण विचारलंय कधीकधी.

भोचकभवानी:
मोठ्ठं वाचलं सगळं. पण त्या दोन बायकांचं काय झालं शेवटी?

हुरडापार्टी:
वॉचमनने हाकललं ताई. आता गेटवर बोर्ड लागलाय, फेरीवाल्यांना मनाई. चोरीची तक्रार अजून कुणाचीच नाही.