प्रतिसाद: नूतनीकरणाच्या मेलांचा भडिमार

निपाणीच्या काकांनी लिहिलंय की दुकानाच्या डोमेनची, म्हणजे वेबसाइटच्या नावाची, मुदत संपायला दोन महिने आहेत, तरी ते नाव देणाऱ्या कंपनीचे रोज मेल येतात, म्हणून सगळे स्पॅममध्ये टाकणार. काका, तेवढं मात्र करू नका. खरी सूचनाही त्यातच गडप होईल.

डॉट कॉमसारख्या डोमेनसाठी आयकॅनचा (डोमेनांचा कारभार बघणाऱ्या जागतिक संस्थेचा) नियम आहे: मुदतीआधी साधारण 1 महिना आणि 1 आठवडा अशा दोन सूचना, आणि नूतनीकरण झालं नाही तर मुदतीनंतर 5 दिवसांत आणखी एक. एवढ्या पाठवणं कंपनीला बंधनकारकच. बाकीचा मारा विक्रीसाठी असतो. आमच्या शहापूरच्या वाचनालयाला लाल अक्षरांत 'शेवटची संधी' असा मेल आला; उघडला तर खाली होस्टिंग नि लोगोची जाहिरात. वर्गणीवर चालणाऱ्या संस्थेच्या वयस्कर चिटणीसांना असं घाबरवणं मला अजिबात पटत नाही.

खात्यात लॉगिन करून जाहिरातींचे मेल तेवढे बंद करा. मुदतीची तारीख आयकॅनच्या लुकअप (डोमेनची माहिती शोधायच्या) पानावर स्वतः बघून मोबाईलच्या कॅलेंडरात टाका. पैसे भरताना मेलमधली लिंक दाबू नका, कारण भलत्याच कंपन्याही हुबेहूब 'नूतनीकरणा'ची बिलं पाठवतात. आणि खात्याला जोडलेला मेल दुकान सोडून पुण्याला गेलेल्या पोराचा तर नाही ना, हे आधी बघा. खानापूर भागातल्या एका पतसंस्थेचं डोमेन तेवढ्यावरून गेलं.