ऑईलची पट्टी वर सरकतेय, चेन वाजतेय : दोष डिझेलचा की आपल्याच हाताचा?

पहाटेची_पावगाडी
माझ्याकडं दोन पिकअप आहेत. एकच मॉडेल, एकाच महिन्यात २०२१ ला घेतलेल्या, टर्बो डिझेल, बीएस-६. एक कोल्हापूरजवळच्या शिरोलीतून कास्टिंग भरून पुण्याला जाते. तिचं रनिंग १ लाख ९० हजार. दुसरी पहाटे साडेतीनला पाव, खारी, टोस्ट भरून कोल्हापुरात फिरते. राजारामपुरी, शाहूपुरी, लक्ष्मीपुरी, मंगळवार पेठ. दर दोनशे पावलांवर थांबा, इंजिन चालूच, पोरगं ट्रे टाकून येतं. हिचं रनिंग फक्त ८६ हजार.

आता सांगा, टायमिंग चेन, म्हणजे क्रँकवरून कॅम फिरवणारी इंजिनातली साखळी, कुणाची वाजावी? वाजतेय पावाच्या गाडीची. पहाटे पहिला स्टार्टर मारला की पत्र्याच्या डब्यात खिळे हलवल्यासारखा खुळखुळाट. दोन-तीन सेकंद, मग गप्प.

ऑईल बदलल्यापासून रोज ऑईलची पातळी दाखवणारी पट्टी बघतोय. वरच्या खुणेला बरोबर भरलं होतं, अडीच हजार किलोमीटरनंतर खुणेच्या बोटभर वर आलंय. पट्टी नाकाशी नेली तर डिझेलचा वास. ड्रायव्हर खूश : "मालक, आपली गाडी ऑईल खात न्हाई, उलट तयार करतीया."

माझं मत स्पष्ट आहे. गावात फिरणाऱ्या बीएस-६ डिझेलला कंपनीचा ऑईल बदलायचा किलोमीटरचा आकडा लावूच नये. डीपीएफमधली, म्हणजे धूर गाळणाऱ्या जाळीतली, काजळी जाळायला ६०० अंशांच्या आसपास उष्णता लागते. हायवेला इंजिन तापलेलं असतं, एका दमात काम उरकतं. गावात ती उष्णता आणायला गाडीचा संगणक उशिरा जादा डिझेल सोडत बसतो. त्यातलं काही सिलिंडरच्या भिंतीला लागून रिंगांच्या फटीतून खाली ऑईलच्या चेंबरमध्ये उतरतं. काजळी जाळायचं हे काम, म्हणजे रीजन, निम्म्यात असताना पोरानं गाडी बंद करून चहा गाठला की पुढच्या वेळी पुन्हा पहिल्यापासून. पातळ झालेलं ते ऑईल चेनला मारतं. मी आता दर ५ हजाराला ऑईल बदलणार. ज्यांना हा येडेपणा वाटतो त्यांनी बोला.

उद्यमनगर_मिस्त्री
रागावू नका, पण हे डिझेल-बिझेल सगळं मोबाईलवरचं ग्यान हाय. सत्तावीस वर्षं झाली इंजिनं खोलतोय. शेतीच्या ऑईल इंजिनावर ज्या गावात दोन पिढ्यांची घरं उभी ऱ्हायली, तिथल्या मिस्त्रीला चेन कशानं मरते ते सांगायला नगो. ती मरते उशिरा बदललेल्या ऑईलनं, न्हाईतर स्वस्तात घेतलेल्या डुप्लिकेट डब्यानं. तुमची दोन सेकंद वाजून गप्प होती म्हंजे चेन न्हवंच, तिला ताणून धरणारा टेन्शनर. रात्रभरात त्याच्यातलं ऑईल खाली उतरतं, सकाळी पंपाचा दाब आला की परत फुगतो. टेन्शनर बदला आन् निवांत झोपा. डिझेल काय उतरत न्हाई तिथं.

शिरोली_मायक्रोमीटर
मिस्त्री, टेन्शनरचं पटलं. बाकीचं नाही.

आपण "चेन ताणली" म्हणतो, पण पोलादाची कडी काही रबरासारखी ताणली जात नाही. पिन आणि बुश एकमेकांवर घासतात, भोक सैल होतं. समजा चेनला १५० सांधे आहेत आणि एकेका सांध्यात ०.०२ मिलिमीटर झीज झाली. ती डोळ्याला दिसायचीच नाही, आमच्याकडं असा जॉब पास होऊन जाईल. पण १५० ठिकाणची मिळून ३ मिलिमीटर. ८ मिलिमीटर पिचच्या (दोन पिनांमधलं अंतर) चेनची लांबी १२०० मिलिमीटर, म्हणजे वाढ फक्त पाव टक्का. तेवढी ढील टेन्शनरनं गिळायची. त्याची दांडी एका हद्दीपर्यंतच बाहेर येते, मग खुळखुळाट. आणि तो थांबला तरी झडपा उघडणारा कॅम क्रँकच्या मागं पडलेलाच असतो, गाडी उचल घेत नाही.

त्या पिन-बुशच्या मधे काय असतं? ऑईलचा पापुद्रा. १५डब्ल्यू-४० ऑईलची विष्यंदिता (व्हिस्कॉसिटी), म्हणजे बोलीभाषेतला जाडपणा, १०० अंशांना १२.५ ते १६.३ सेंटिस्टोक असावा लागतो. साडेचौदाच्या ऑईलमध्ये पाच टक्के डिझेल गेलं की तो बाराच्या आसपास येतो. म्हणजे डब्यावर ४० लिहिलंय आणि चेंबरमध्ये ३० फिरतंय. सहा लिटरच्या चेंबरला पाच टक्के म्हणजे तीनशे मिलिलिटर, दीड पेला. पावगाडीवाल्यांचं "बोटभर" त्यापेक्षा कमी नसावं. वर त्याच ऑईलमध्ये काजळी आहेच. पातळ पापुद्रा आणि बारीक पॉलिश पेपर, दोन्ही एकदम.

पेट्रोलवाल्यांनीही हसू नये. टर्बो आणि थेट इंजेक्शनच्या पेट्रोल इंजिनांत चेन इतकी झिजायला लागली की २०२० मध्ये आलेल्या एपीआय एसपी या इंजिन ऑईलच्या दर्जात चेनच्या झिजेची वेगळी चाचणीच घातली. फरक एवढाच, तापलेल्या ऑईलमधून पेट्रोल हळूहळू उडून जातं. डिझेल १८० अंशांच्या पुढं उकळतं, ते मुक्कामालाच राहतं.

सोळाचाकी_भावा
आधी एक सांगतो, सगळ्या ट्रकांना एका दावणीला बांधू नका. आमच्या मोठ्या गाड्यांत बहुतेक टायमिंग गिअर आसत्यात, चेन न्हाई. ही रडारड पिकअपवाल्यांची. काही मोठ्या इंजिनांत रीजनचं डिझेल सिलिंडरात न्हाई, पुढं धुराच्या पायपातच सोडत्यात. ते ऑईलात उतरणार कुठनं?

पण दोष डिझेलचा बी न्हाई आन् ऑईलचा बी न्हाई. मालकाचा हाय. मागच्या हंगामात कारखान्याच्या नंबरात हुतो, ऊस भरून. डॅशवर रीजनचा दिवा पेटला. म्हटलं नंबर सुटला की हायवेला वीस मिनिटं ताणतो, भागंल. तवर मालकाचा फोन : गाडी खाली झाली की थेट दुसऱ्या फडावर जा. दोन दिवस तो दिवा तसाच. रात्री नंबरात तासन्तास इंजिन चालू, थंडी म्हणून. किलोमीटर शून्य, इंजिन मातुर आठ तास चाललेलं. त्ये कुठल्या वहीत लिवायचं?

हिशोबी_ट्रान्सपोर्ट
अकरा पिकअप चालवतो, त्यातल्या सात गावातच. पुस्तकात लिहिलेल्या आकड्यालाच ऑईल बदलतो, एक किलोमीटर आधी नाही. बनवणाऱ्यांनी वर्षानुवर्षं इंजिन बाकावर चालवून तो आकडा काढलाय. तुम्ही एक पट्टी हुंगून तो मोडीत काढणार? २० हजाराच्या जागी ५ हजाराला बदलायचं म्हणजे ऑईल-फिल्टर चौपट आणि दर वेळी अर्धा दिवस गाडी उभी. अकरा गाड्यांचा गुणाकार तुम्हीच करा. माझ्या एकाही गाडीची पट्टी वर गेलेली नाही.

पहाटेची_पावगाडी
त्याच पुस्तकात मागं एक पान असतं : सतत थांबत-चालत, धुळीत, कमी अंतरावर गाडी वापरत असाल तर ऑईल लवकर बदला. ते पान कुणी उघडत नाही, कारण सगळ्यांना आपला वापर "नॉर्मल" वाटतो. गंगावेशीत सकाळी पाव टाकणं नॉर्मल असेल तर मग अवघड कशाला म्हणायचं?

शिरोली_मायक्रोमीटर
हिशोबी, "पट्टी वर गेली नाही" यावर निर्धास्त राहू नका. इंजिन थोडं ऑईल जाळतंच. तीनशे मिलिलिटर जळलं आणि तीनशे मिलिलिटर डिझेल उतरलं तर पट्टी जागच्या जागी दिसते. वर गेलेली पट्टी निदान बोंब तरी मारते.

पैसे न घालता बघायचं असेल तर गरम इंजिनाच्या पट्टीवरचा एक थेंब पांढऱ्या टिपकागदावर सोडा. कागद खालून कशाला टेकलेला नको, पेल्याच्या तोंडावर ठेवा. रात्रभर राहू द्या. मधे काजळीचा काळा ठिपका दिसेल. त्याच्या बाहेर फिकट पारदर्शक कड पसरली तर डिझेल आहे. हा काही लॅबचा रिपोर्ट नव्हे, पण नाकापेक्षा बरा.

रंकाळा_रॉयल
एवढा काथ्याकूट कशाला? २०डब्ल्यू-५० टाका. जाड ऑईल, डिझेल उतरलं तरी ४० राहील. विषय संपला.

शिरोली_मायक्रोमीटर
विषय तिथंच सुरू होतो. पहाटेच्या थंडीत ते ऑईल टेन्शनरपर्यंत पोचायला जास्त वेळ घेणार, म्हणजे खुळखुळाट दोनाच्या जागी चार सेकंद. टर्बोची दांडी मिनिटाला लाखाच्या वर फेरे घेते आणि ऑईलच्याच पापुद्र्यावर तरंगते, तीही तोवर कोरडी. शिवाय डीपीएफच्या इंजिनाला कमी राखेचं ऑईल लागतं, सीके-४ दर्जाचं किंवा पुस्तकात दिलं असेल ते. काजळी जळते, राख जळत नाही. ती डीपीएफमध्ये कायमची बसते.

कट_मारा
मग डीपीएफच काढा की. आत पाईप, वर गाडीच्या संगणकाचं मॅपिंग. ना रीजन, ना डिझेल, ना चेन. कितीजणांनी केलंय, कुणी विचारत पण नाही.

पहाटेची_पावगाडी
रीजन बंद झालं की रीजनचं डिझेल उतरायचं थांबेल, एवढं खरंय. खोटं कशाला बोलू. पण गाडीत असा बदल करणं मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ च्या आड येतं, वॉरंटी जाते ती वेगळीच. आणि माझी गाडी साडेतीन-चारला लोकांच्या उशाशी उभी राहते. खिडक्या उघड्या असतात. तो धूर मला त्यांच्या घरात सोडायचा नाही. पावाच्या ट्रेवर तर नाहीच नाही.

उद्यमनगर_मिस्त्री
पावगाडी, एक सांगा. गावात फिरताना टेंपरेचरचा काटा कुठं असतो?

पहाटेची_पावगाडी
निम्म्याच्या बराच खाली. शेवटचा ट्रे उतरला तरी मध्यावर येत नाही. पुण्याच्या गाडीचा पंचगंगेचा पूल ओलांडायच्या आत येतो.

उद्यमनगर_मिस्त्री
थर्मोस्टॅट हाय का काढलाय?

पहाटेची_पावगाडी
ड्रायव्हरला विचारून आलो. काढलाय. गेल्या उन्हाळ्यात वैभववाडीला माल घेऊन गेली होती, तेव्हा परतताना करूळ घाट चढताना तापली. वाटेतल्या एका गॅरेजवाल्यानं "हे असलं आपल्या हवेला लागत न्हाई" म्हणून तो काढून पोराच्या हातात दिला. पोरानं डिकीत टाकला. अजून तिथंच आहे, फडक्यात गुंडाळलेला.

उद्यमनगर_मिस्त्री
मग झालं की! थर्मोस्टॅट न्हाई म्हंजे पाणी सारखं रेडिएटरात फिरतंय, इंजिन तापतच न्हाई. गार भिंतीवर डिझेल चिकटणार, रीजन पुरं हुणार न्हाई, परत परत सुरू हुणार. आन् ते घाटात तापलं त्याचं मूळ कारण कुणी बघितलंच न्हाई, फॅन, रेडिएटरच्या जाळ्या. दुखतंय गुडघा आन् काढलाय दात. इंजेक्टरची रिटर्न लाईन पण तपासा. काही इंजिनांत ती कव्हरच्या आत असती, गळली की डिझेल सरळ ऑईलात.

सोळाचाकी_भावा
मिस्त्री, सकाळी तर म्हणालता डिझेल उतरतच न्हाई?

उद्यमनगर_मिस्त्री
तसं न्हवतं म्हटलं.

सोळाचाकी_भावा
वर लिवलेलं हाय की मर्दा.

हिशोबी_ट्रान्सपोर्ट
म्हणजे माझंच खरं निघालं. दोष गॅरेजवाल्याचा, पुस्तकाचा आकडा निर्दोष. पावगाडीनं थर्मोस्टॅट बसवावा आणि २० हजाराला ऑईल बदलावं.

पहाटेची_पावगाडी
नाही. थर्मोस्टॅट आला तरी दोनशे पावलांवरचा थांबा कुठं जात नाही. पहिला तासभर इंजिन कोमटच असणार. थर्मोस्टॅटनं माझं अर्धं दुखणं जाईल, अर्ध्यासाठी ५ हजाराचा आकडा राहील. फार तर कागदाची कड बघून पुढं ७ हजारावर नेईन. आणि भावा म्हणतो तसं आता वहीत किलोमीटरशेजारी इंजिनाचे तासही लिहायचे, ते मात्र पटलं. मालकाला शिव्या पडल्या त्याही घेतल्या.

झालेली झीज काही भरून येत नाही. चेनचं कव्हर उघडायला लागणारच.

उद्यमनगर_मिस्त्री
सोमवारी आणा, तवर रोज पहिल्या स्टार्टला ॲक्सिलेटर दाबू नका, आवाज थांबू द्या. टेन्शनरची दांडी किती बाहेर आलीय ते तुमच्यासमोर मोजू, त्या मायक्रोमीटरवाल्यांना पण बोलवा. नुसता टेन्शनर टाकायचा की चेन, गाईड, स्प्रॉकेट सगळा किट, ते तवा बोलू. जुन्या दात्यांवर नवी चेन मी घालणार न्हाई, आधीच सांगतो. आन् चेंबरातलं ऑईल फेकू नका, बाटलीत धरा.

शिरोली_मायक्रोमीटर
येतो. व्हर्निअर आणतो, खारी तुमची.

हिशोबी_ट्रान्सपोर्ट
काल रात्री सातही गाड्यांचा थेंब कागदावर टाकला होता. चार ठीक आहेत. तिघींना कड आलीय, एकीची चांगली रुपयाएवढी. तुम्ही टिपकागद कुठला घेता, म्हणजे साधा शाळेतला चालतो का?