जेवणानंतर घेतलेली वेदनाशामक गोळी पोटाला खरोखर सुरक्षित असते का?

प्रश्न

माझ्या आईचे वय 68 असून गुडघ्यांच्या संधिवातासाठी तिला दोन महिन्यांपासून डायक्लोफेनॅक या वेदनाशामकाची गोळी दिवसातून दोनदा सुरू आहे. तिला हृदयविकार असल्याने कमी मात्रेची ॲस्पिरिन ती पूर्वीपासूनच घेते. गोळी जेवणानंतर घेतली की पोटाला त्रास होत नाही, असे आम्ही समजत होतो आणि तिला जळजळ किंवा पोटदुखी नाहीही. पण पित्ताची गोळी सोबत घेतल्याशिवाय ही औषधे घेऊच नयेत, असे एका नातेवाइकांनी सांगितल्यापासून मन साशंक झाले आहे. विशेष आवरणाची गोळी किंवा इंजेक्शन घेतल्यास हा धोका टळेल का?

प्रतिसाद 1

टळणार नाही. गोळीचा जठराशी थेट संपर्क आल्याने थोडा दाह होतो हे खरे, परंतु मुख्य हानी औषध रक्तात मिसळल्यानंतर होते. जठराच्या अस्तरावर श्लेष्म्याचा (चिकट स्रावाचा) थर राखणे, आम्लाचा परिणाम रोखणारे बायकार्बोनेट स्रवणे आणि तेथील रक्तपुरवठा टिकवणे ही कामे प्रोस्टाग्लँडिन नावाच्या द्रव्यांमुळे होतात. ॲस्पिरिनसारखी औषधे हीच द्रव्ये तयार होऊ देत नाहीत, हे ब्रिटिश औषधशास्त्रज्ञ जॉन वेन यांनी 1971 मध्ये दाखवून दिले; डायक्लोफेनॅकही याच गटातले. सांध्याची सूज ज्यामुळे उतरते, त्याच क्रियेमुळे जठर उघडे पडते. त्यामुळे औषध तोंडावाटे घ्या, शिरेतून घ्या किंवा गुदद्वारातून, व्रण, म्हणजे अस्तराला जखम, होण्याची शक्यता राहतेच. जेवणानंतर गोळी घेतल्याने मळमळ कमी होते, म्हणून ती सवय मोडू नका. मात्र तिला संरक्षण समजू नका.

त्रास जाणवत नाही, यावरही विसंबू नये. या औषधांमुळे झालेले व्रण अनेकदा अजिबात दुखत नाहीत आणि पहिले लक्षण थेट रक्तस्राव हेच असू शकते.

प्रतिसाद 2

वरील माहितीत थोडी भर घालतो. वय 65 च्या पुढे असणे, पूर्वी व्रण झालेला असणे, सोबत ॲस्पिरिन, स्टेरॉइड किंवा रक्त पातळ करणारे औषध असणे या गोष्टी धोका वाढवतात, आणि आपल्या आईंच्या बाबतीत त्यांपैकी दोन आहेतच. अशा रुग्णांना डॉक्टर बहुधा ओमेप्राझोल किंवा पँटोप्राझोल ही आम्ल कमी करणारी पित्ताची गोळी देतात. ही गोळी उपाशीपोटी, जेवणाच्या अर्धा ते एक तास आधी घ्यायची असते. अनेकजण ती वेदनाशामकासोबत जेवणानंतर घेतात आणि मग उपयोग होत नाही म्हणून तक्रार करतात. जळजळ झाल्यावर चघळायच्या अँटासिड गोळ्या व्रण टाळत नाहीत, उलट लक्षण झाकतात. पूर्वी व्रण झालेला असेल, तर व्रणाला कारण ठरणाऱ्या हेलिकोबॅक्टर जंतूची तपासणीही करून घ्यावी.

प्रतिसाद 3

सर्वांचे लक्ष पोटाकडे गेले, पण मला काळजी वाटते ती हृदयाची. हृदयविकार असलेल्यांनी डायक्लोफेनॅक वापरू नये, असा इशारा युरोपीय औषध नियामकांनी 2013 मध्येच दिला आहे. पित्ताची गोळी हा धोका कमी करत नाही. तेव्हा कोणती गोळी जोडावी हे विचारण्याआधी डायक्लोफेनॅकच हवे का, हे डॉक्टरांना विचारा, आणि गोळ्या लिहून देणाऱ्यांना हृदयविकाराची व ॲस्पिरिनची माहिती होती का, हेही पाहा. ॲस्पिरिन मात्र स्वतःहून थांबवू नका.

प्रश्नकर्ता

सर्वांचे आभार. गोळ्या लिहून देणाऱ्या डॉक्टरांना ॲस्पिरिनविषयी आम्ही सांगितलेच नव्हते, कारण ती ‘नेहमीची’ म्हणून आमच्या लक्षात आली नाही. उद्याच जातो. तोवर गुडघ्याला लावायचे जेल चालेल का?

प्रतिसाद 2

जेलमधून रक्तात पोहोचणारे औषध गोळीच्या तुलनेत फार थोडे असते, म्हणून गुडघ्यासारख्या त्वचेजवळच्या सांध्यासाठी तो पर्याय अवश्य विचारा; पॅरासिटामॉलबद्दलही विचारा. मात्र शौच डांबरासारखी काळी व चिकट झाली, उलटीत रक्त किंवा कॉफीच्या चुऱ्यासारखे काही दिसले, अथवा उठताना चक्कर येऊन घाम फुटला, तर उद्याची वाट न पाहता थेट रुग्णालयात न्या. लोहाच्या गोळ्या सुरू असतील तर शौच त्यामुळेही काळी होते, पण तो निष्कर्ष घरी काढू नये.