नायट्रसची गळतीही तपासा
भूल देताना हवामान जास्त तापवणारा डेस्फ्लुरेन वायू सोडून त्यापेक्षा कमी तापवणारा सेव्होफ्लुरेन वापरा, हा वरच्या पोस्टमधला मुद्दा पटलाच. पण हॉस्पिटलच्या पाइपलाइनमधला नायट्रस ऑक्साइड, हाही भुलीचाच वायू, चर्चेतून सुटलाय. १०० वर्षांच्या हिशेबात तो तेवढ्याच वजनाच्या कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २७३ पट पृथ्वी तापवतो, आणि बराचसा रुग्णापर्यंत पोचतच नाही. मॅनिफोल्डच्या (मोठे सिलिंडर पाइपलाइनला जोडणाऱ्या संचाच्या) सांध्यांतून, भिंतीतल्या आउटलेटमधून गळून जातो. सिलिंडरच्या गेजवर हे कळत नाही. आत तो द्रवरूप असतो, द्रव संपेपर्यंत दाब जवळपास तेवढाच दिसतो. सिलिंडर वजन करूनच बघायला हवा.

मुंबईतल्या जुन्या बहुमजली हॉस्पिटलांत लाइन लांब, सांधे जास्त. रात्री एकही ओटी (ऑपरेशन थिएटर) चालू नसताना मॅनिफोल्ड बंद करून लाइनचा दाब लिहून ठेवा; सकाळी बराच उतरलेला दिसला तर गळती असणार. वापर कमी असेल तर लाइन कायमची बंद करून भुलीच्या मशीनवर लहान सिलिंडर लावा, आणि केस संपली की त्याचा व्हॉल्व्ह घट्ट बंद करा.